आपल्यालाच न दिसणारे पाप

पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांपैकी एकोणिसावे स्तोत्र काव्यदृष्ट्या सर्वश्रेष्ठ होय, असा अभिप्राय सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकाने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिला आहे. स्तोत्राचा आरंभ आकाशाच्या वर्णनाने होतो. कवी सूर्याला नवरदेवाची उपमा देतो, त्याच्या प्रवासाचे वर्णन करतो आणि त्याच्या तापापासून लपेल असे जगात काही नाही, असे सांगतो. तेथून तो एकदम परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळतो. नियमशास्त्र मधाहून गोड, सोन्याहून मौल्यवान, अशी त्याची स्तुती चालू असते. आणि स्तुती ऐन भरात असताना कवी मध्येच थांबतो. आपल्या चुका कोणाला कळतात, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि आपल्या गुप्त दोषांपासून आपल्याला शुद्ध करावे, अशी विनवणी देवाला करतो.

मूळ हिब्रू स्तोत्रात ‘लपलेले’ या अर्थाचा शब्द दोनदा आला आहे. एकदा सूर्याच्या संदर्भात, आणि दुसऱ्यांदा या प्रार्थनेत. आकाशात सूर्यापासून काही लपत नाही हे आपल्याच तोंडून निघून गेल्यावर कवीला आपल्या अंतःकरणाची आठवण झाली असावी. लुईससारखा रसिक या स्तोत्राला एवढा मान देतो त्याचे एक कारण मला या वळणात दिसते.

या प्रार्थनेतील ‘गुप्त’ हा शब्द जरा नीट पाहिला पाहिजे, कारण तेथे बहुतेकांची गल्लत होते. गुप्त पाप म्हटले की चोरून केलेले पाप आपल्या मनात येते. दिवाणजीने हिशेबाच्या वहीत केलेली लबाडी, घरच्यांना न सांगितलेले व्यसन, कोणाला न दाखवलेले पत्र. ही पापे जगापासून लपलेली असतात, परंतु करणाऱ्याला ती पूर्ण ठाऊक असतात. किंबहुना ती ठाऊक असतात म्हणूनच तो ती लपवतो. त्यांच्यासाठी ख्रिस्ती धर्मात पापांगीकाराची सोय आहे. माणसाने तोंड उघडून सांगावे आणि क्षमा मागावी. स्तोत्रकर्ता मागतो ते याहून निराळे. कोणाला कळतात, हा त्याचा प्रश्नच दाखवून देतो की ही पापे करणाऱ्यापासूनच लपलेली आहेत. जे दिसत नाही त्याची यादी करता येत नाही, आणि यादी नसली की अंगीकारही करता येत नाही. मग उरते केवळ मागणे.

हा विचार इस्राएलाच्या धर्मात फार जुना आहे. लेवीय या पुस्तकात न कळत घडलेल्या पापांसाठी स्वतंत्र अर्पणे सांगितली आहेत. याजकाकडून घडले तर कोणते, सर्व मंडळीकडून घडले तर कोणते, अधिकाऱ्याकडून घडले तर कोणते, आणि सामान्य माणसाकडून घडले तर कोणते, अशी त्यात तपशीलवार व्यवस्था आहे. अधिकाऱ्याचा वेगळा उल्लेख आहे, हे माझ्यासारख्या सरकारी नोकराने विसरू नये. आपल्याकडेही संध्यावंदनात मन, वाणी, हात, पाय यांच्याकडून घडलेल्या पापांच्या निवारणाची याचना आहे, आणि ‘कळत नकळत’ हा जोडशब्द तर मराठी माणसाच्या क्षमायाचनेत जीभ वळण्याआधी येतो. इतका सहज येतो की त्याचा दुसरा अर्धा भाग काय म्हणतो, याकडे आपले लक्ष जात नाही.

इंग्लंडच्या चर्चमधील प्रभुभोजनाच्या उपासनेत अगदी आरंभी एक लहानशी प्रार्थना आहे. ज्याच्यापुढे सर्व हृदये उघडी आहेत त्या देवाने आमच्या अंतःकरणातील विचार शुद्ध करावेत, असा तिचा आशय. मध्ययुगात ही प्रार्थना लॅटिन भाषेत होती आणि याजक ती वेदीपाशी जाण्यापूर्वी स्वतःपुरती म्हणत असे. १५४९ साली क्रॅन्मरने इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केले तेव्हा त्याने ती भर मंडळीत आणली. हा बदल मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. याजकाला जे शोधन हवे तेच मागच्या बाकावरच्या शेतकऱ्यालाही हवे, असे त्याने ठरवून टाकले.

आता कोणी म्हणेल की देवाला कशाला त्रास? माणसाने रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आत्मपरीक्षण करावे, म्हणजे झाले. आत्मपरीक्षण चांगलेच आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. मी ज्या व्यवसायात आहे त्यातील दाखला देतो. कचेरीत दरवर्षी हिशेबतपासनीस येतो. तो बेरजा पाहतो, पावत्या पाहतो, मंजुरीचा कागद आहे की नाही हे पाहतो. एखाद्या कारकुनाने नियम मोडला असेल तर तो त्याच्या हाती लागतो. परंतु नियमच वाकडा असेल आणि सर्वांनी तो मन लावून पाळला असेल, तर तपासणीत एकही आक्षेप निघत नाही. ज्या कागदाशी इतर कागद ताडून पाहायचे तो कागदच चुकीचा असला, तर सगळे कागद बरोबर ठरतात. आपण रात्री आपल्या मनाची तपासणी करतो ती आपल्याच नियमपुस्तकाशी ताडून. त्या पुस्तकाची तपासणी कोणी करावयाची?

ऑगस्टिनसारख्या अंतर्मुख माणसालाही हे कोडे सुटले नाही. उत्तर आफ्रिकेतील या बिशपाने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले ‘कन्फेशन्स’ लिहिले. तारुण्यातील त्याची पापे आपण सारे चवीने वाचतो, पण त्या ग्रंथाचा दहावा भाग सहसा कोणी वाचत नाही. तेथे तो गतकाळ बाजूला ठेवून, बिशप झाल्यावरही आपण आतून कसे आहोत, हे सांगतो. इतर मोह आपल्याला किती जडले आहेत हे ती वस्तू काही दिवस सोडून पाहिली की समजते, असे तो म्हणतो. पण स्तुतीच्या मोहाचे काय? स्तुती आपल्याला किती प्रिय आहे हे तिच्याशिवाय राहूनच कळेल. आणि सज्जनपणे वागणाऱ्याची तर लोक स्तुती करणारच. मग केवळ परीक्षा घेण्यासाठी माणसाने वाईट वागावे काय? ऑगस्टिन येथे हात टेकतो आणि या बाबतीत आपल्याला आपला थांग लागत नाही, असे देवापाशी कबूल करतो. पश्चिमेकडील वाङ्मयात आत्मपरीक्षणाचा पाया ज्याने घातला त्याने आत्मपरीक्षणाची हद्दही आखून ठेवली.

स्तुतीचा मोह हा आतल्या आत राहणारा दोष झाला. परंतु भक्तिमान माणसाच्या न दिसणाऱ्या पापाने दुसऱ्यांची आयुष्ये धुळीला मिळू शकतात. याचे उदाहरण म्हणून मी जॉन न्यूटन याचे चरित्र थोडे विस्ताराने सांगणार आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायले जाणारे भक्तिगीत त्याचेच.

न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. आई भाविक होती. तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती वारली. बाप दर्यावर्दी. मुलगाही समुद्रावर गेला आणि तेथे इतका बिघडला की खलाशांनाही त्याच्या शिव्या ऐकवत नसत. १७४८ च्या मार्च महिन्यात आफ्रिकेहून परतताना त्याचे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये वादळात सापडले. जहाजाची एक बाजू फुटून पाणी आत शिरले. पोटात मेण आणि लाकूड असा पाण्याहून हलका माल होता म्हणून ते कसेबसे तरंगत राहिले. त्या वादळात, अनेक वर्षांनंतर, न्यूटनच्या तोंडून देवाचे नाव निघाले. जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले आणि त्या दिवसाची आठवण त्याने पुढे आयुष्यभर, दरवर्षी, प्रार्थनेत घालवली.

एखादा भाविक लेखक येथे पूर्णविराम देईल. पण याच्या पुढेच आपला विषय सुरू होतो. धर्मांतर झालेला, शिव्या सोडलेला, बायबल वाचणारा हा न्यूटन १७५० ते १७५४ या काळात तीन सफरींवर गुलामवाहू जहाजाचा कप्तान होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यावयाची, दोघादोघांना एका बेडीत अडकवून तळघरात फळ्यांवर दाटीने निजवावयाचे आणि अटलांटिकपार नेऊन मळेवाल्यांना विकावयाचे, हा त्याचा धंदा. साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या काळात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अशा जहाजांवर चढवली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. न्यूटनच्या रोजनिशीत या सफरींची नोंद आहे आणि ती १९६२ साली छापूनही निघाली. वारा कोणता, माल किती, आज कोण मेले, सारे एकाच हाताने, एकाच शाईने लिहिलेले.

त्याच जहाजावर तो दर रविवारी खलाशांना जमवून दोन वेळा उपासना चालवीत असे. फावल्या वेळात लॅटिन शिकत असे. पत्नीला लांबलचक, कोमल पत्रे लिहीत असे. ईश्वराच्या सान्निध्याचा जितका गोड अनुभव आपल्याला गिनीच्या किनाऱ्याकडील शेवटच्या दोन सफरींत आला तितका क्वचितच कधी आला, असे त्याने मागाहून सांगितले आहे. हे ढोंग होते असे मानायला काहीही आधार नाही. ढोंग असते तर प्रश्न सोपा होता. १७५२ च्या डिसेंबरमधील एका नोंदीवरून दिसते की, बंदिवानांनी बंडाचा बेत केल्याचा सुगावा लागताच त्याने काही आफ्रिकी मुलांना बेड्या घातल्या आणि त्यांचे अंगठे यंत्रात धरून पिळले. कशासाठी? त्यांनी पूर्ण कबुली द्यावी म्हणून. देवापुढे रोज आपल्या अपराधांची कबुली देणारा माणूस मुलांकडून कबुली मिळवण्यासाठी त्यांचे अंगठे पिळतो, आणि ती नोंद करताना त्याचा हात थरथरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत विलक्षण वाटते. न्यूटनला हा धंदा आवडत नव्हता. सदैव बेड्या, साखळ्या आणि कुलुपे यांच्याशी संबंध येतो, आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी आहोत, असे त्याला वाटे. आपल्याला देवाने अधिक माणुसकीच्या कामावर नेमावे, अशी प्रार्थनाही तो करीत असे. म्हणजे मागणे ओठांवर आले होते. पण आपल्याला सुख नाही एवढेच त्याला जाणवले; दुसऱ्यांवर अन्याय होत आहे हे जाणवले नाही. १७५४ साली चौथ्या सफरीवर निघण्यास दोन दिवस उरले असता त्याला झटका येऊन तो बेशुद्ध पडला आणि प्रकृतीच्या कारणाने त्याने समुद्र सोडला. दहा वर्षांनी प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात तो स्पष्ट लिहितो की त्या वेळी हा व्यापार धर्मबाह्य असल्याची शंका आपल्या मनाला शिवली नव्हती. तो प्रतिष्ठित धंदा समजला जाई.

नंतर तो लिव्हरपूल बंदरात सरकारी जकात खात्याचा अधिकारी झाला, १७६४ साली धर्मोपदेशक झाला, ऑल्नी या लहानशा गावात पंधरा-सोळा वर्षे राहिला, आणि १७८० साली लंडनला गेला. प्रवचने केली, पदे रचली, शेकडो लोकांचे समाधान केले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लेखणी उचलली ती १७८८ साली. त्या छोट्या पुस्तकात त्याने, जे आठवून आपले हृदय आता कापते त्या धंद्यात आपण स्वतः होतो, हे लाजेने मांडले आणि जहाजांच्या तळाशी माणसांना फडताळातील पुस्तकांसारखे कसे रचत ते सांगितले. पुढे सरकारी चौकशीतही त्याने साक्ष दिली. वादळाची ती रात्र आणि हे पुस्तक यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर आहे. या चाळीस वर्षांत त्याने हृदयशुद्धीची प्रार्थना किती वेळा केली असेल, याची गणती करता येणार नाही.

देवाने ती ऐकली नाही काय? मला वाटते, ऐकली. पण आपण जेथे कान लावून बसतो तेथून उत्तर आले नाही. ते त्याच्या मनात उजेड पडून आले नाही. क्वेकर पंथाचे लोक बोलू लागले, जॉन वेस्लीने १७७४ साली पुस्तिका लिहिली, विल्बरफोर्ससारखा तरुण संसद-सभासद १७८५ च्या अखेरीस सल्ला विचारायला दारात येऊन उभा राहिला. १७८९ साली ओलाउडा इक्वियानो या पूर्वीच्या गुलामाने आपले चरित्र इंग्रजीत छापले, तेव्हा तळघरातील माणूसच बोलू लागला. ही सारी बाहेरची माणसे. शास्त्रातही असेच घडले आहे. दावीद राजाने उरीयाची स्त्री घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे उभे करून मारविले. मूल जन्माला येईपर्यंत महिने लोटले, तरी राजा स्वस्थ होता. नाथान संदेष्टा आला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगितली. राजाचा न्याय तत्काळ जागा झाला. ती हिसकावणारा श्रीमंत मरणदंडास पात्र आहे, असा निकाल त्याने तिथेच दिला. हा श्रीमंत म्हणजे राजाच, हे नाथानाला सांगावे लागले. कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत ख्रिस्ताने पुढे दिला, पण त्याचा अनुभव दावीदाला त्या दिवशी आला.

परंपरा म्हणते की एकावन्नावे स्तोत्र त्या प्रसंगानंतरचे. त्यात ‘मला धू’ असे म्हणताना जे हिब्रू क्रियापद वापरले आहे ते अंग धुण्याचे नव्हे, कपडे धुण्याचे आहे. परटाच्या घाटावर पायाखाली तुडवून, आपटून, पिळून मळ काढतात, त्या प्रकारचे धुणे. आणि शुद्ध हृदय मागताना जे क्रियापद आले आहे ते उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात आकाश-पृथ्वीच्या निर्मितीसाठी आलेले आहे. हृदयशुद्धी मागणाऱ्याला आपण काय मागत आहोत याची कल्पना असावी म्हणून हे सांगितले.

न्यूटनच्याच पिढीतील दुसरा एक माणूस पाहा. जॉन वुलमन, जन्म १७२०, अमेरिकेतील न्यू जर्सीचा क्वेकर. तरुणपणी तो एका दुकानात कारकून होता. एके दिवशी मालकाने त्याला एका निग्रो दासीचे विक्रीखत लिहायला सांगितले. गिऱ्हाईक वाट पाहत उभे होते, आणि तेही त्याच्याच पंथातले एक वृद्ध गृहस्थ. वुलमनने खत लिहिले. पण लिहिताना त्याचे मन इतके अस्वस्थ झाले की, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने मालकाला आणि त्या गृहस्थाला तिथेच सांगितले. पुढे दुसऱ्याने असेच खत लिहायला सांगितले तेव्हा त्याने नकार दिला. नंतरच्या आयुष्यात तो गुलाम बाळगणाऱ्या स्वपंथीयांच्या घरोघर फिरला. भांडला नाही, पण ज्यांनी त्याची सेवा केली त्या गुलामांना मजुरी दिल्याशिवाय निघाला नाही. वुलमन न्यूटनपेक्षा अधिक बुद्धिमान होता असे नाही. फरक इतकाच की लेखणी अडखळली तेव्हा त्याने त्या अडखळण्याला शारीरिक थकवा किंवा नाजूक स्वभाव असे नाव दिले नाही.

न्यूटनच्या कथेचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. १७८३ साली काही धर्मोपदेशकांनी लंडनमध्ये चर्चेसाठी एक मंडळ काढले. न्यूटन त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्याच मंडळातून १७९९ साली चर्च मिशनरी सोसायटी निघाली. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून जी आफ्रिकी मुले सोडविली त्यांतील कित्येक मुंबईला उतरवली गेली आणि या सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे त्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्यांतलाच जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला, १८७३ साली लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याने झाडावर त्याचे नाव कोरले, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या शवपेटीबरोबर चालला. नाशिकच्या शाळेत अक्षर गिरवलेला हात तो. ज्यांच्या पूर्वजांना न्यूटनच्या पिढीने माल म्हणून मोजले, त्यांच्यापैकी एकाने ते नाव कोरले.

पण नाशिक म्हटले की आपल्या घरच्याही एका गोष्टीची आठवण व्हावी. मराठी ख्रिस्ती माणसाला गुलामांच्या व्यापाराविषयी संताप येणे सोपे आहे; तो आपला धंदा नव्हता. आपली वहिवाट निराळी. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त आपले सोवळे निर्मळ विनोदाने वर्णिले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, तरी बराच काळ त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ते त्यांना पाप वाटत नव्हते. उलट तेच पुण्य होते. शिवाशिव माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाला पटले तेव्हा एक मोठी भिंत पडली. आणि ती पडल्यावर मागे वळून त्यांनी स्वतःला यत्किंचितही सवलत दिलेली नाही. मराठीतील हृदयशुद्धीचे इतके प्रांजळ लेखन मला दुसरे माहीत नाही. आणि त्यात हृदयशुद्धी हा शब्द मिरवलेला नाही.

आणि आमच्या मंडळ्या? एका बाकावर बसून एका पेल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे मुलामुलींची लग्ने जुळविताना हलक्या आवाजात ‘ते मूळचे कोण?’ असे विचारतात. हा प्रश्न विचारणारा चोरी करीत नाही, खोटे बोलत नाही, रविवार चुकवीत नाही. पापांगीकाराची प्रार्थना म्हणताना हा प्रश्न त्याच्या यादीत येत नाही. कारण आजोबांनी विचारला, वडिलांनी विचारला. कचेरीत आम्ही अशा गोष्टीला पूर्वापार वहिवाट म्हणतो. एखादा अन्याय पहिल्यांदा घडतो तेव्हा त्यावर दहा शेरे पडतात. दुसऱ्या वेळी पहिल्याचा दाखला दिला जातो. तिसऱ्या वेळी त्याचा नमुना छापला जातो. मग तो दिसेनासा होतो. तो कोणाला दिसतो? बाहेर व्हरांड्यात सकाळपासून अर्ज घेऊन बसलेल्या बाईला. स्तोत्रकर्त्याची प्रार्थना आपण मनापासून करीत असू, तर त्या व्हरांड्यातून उत्तर येण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि ते उत्तर नम्र भाषेत येईल अशी अपेक्षा करता येणार नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. ही प्रार्थना म्हणजे स्वतःचे मन रात्रंदिवस उकरीत बसणे नव्हे. ऑल्नीमध्ये न्यूटनचा शेजारी आणि मित्र होता विल्यम कूपर हा कवी. दोघांची पदे १७७९ साली एकत्र प्रसिद्ध झाली. १७७३ साली कूपरच्या मनावर मोठा आघात झाला आणि देवाने आपला कायमचा त्याग केला आहे, अशी त्याची समजूत झाली. ती तो मरेपर्यंत, म्हणजे १८०० सालापर्यंत, पुरती कधीच गेली नाही. तो आजार होता आणि आजाराला आजारच म्हटले पाहिजे. न्यूटनने त्याला आपल्या घरात महिनोन्महिने ठेवून घेतले, हे त्याच्या आयुष्यातील एक सुंदर पान आहे. परंतु निरोगी माणसालाही कूपरच्या वाटेने दोन पावले टाकण्याचा मोह होतो. आपण किती पापी आहोत याचे चिंतन करता करता त्यालाच एक प्रकारची प्रौढी प्राप्त होते. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात कवी, देवाने आपल्याला शोधून पाहावे, असे मागतो. शोधणारा देव आहे, तो स्वतः नव्हे. शोध झाल्यावर जे सापडेल त्याची जंत्रीही तो मागत नाही. सनातन मार्गाने न्यावे, एवढेच मागतो. सापडलेले पाप हातात घेऊन बसायचे नाही, चालायचे आहे. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्र आधी नको म्हणाला, मग हातही धू, डोकेही धू, असे म्हणू लागला. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही, असे सांगून ख्रिस्ताने त्याचा तो उत्साह आवरला. वाटेची धूळ पायांनाच लागते.

त्याच रात्रीचा आणखी एक प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. जेवताना ख्रिस्त म्हणाला की, तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल. पंगतीत बारा जण होते. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेली माणसे. एकमेकांचे स्वभाव त्यांना ठाऊक होते, रुसवेफुगवेही झाले होते, थोरपणावरून वादही झाले होते. अशा वेळी कोणीही शेजाऱ्याकडे पाहिले असते. मत्तय सांगतो की त्यांना फार दुःख झाले आणि प्रत्येक जण ख्रिस्तालाच विचारू लागला की, प्रभू, तो मी तर नव्हे ना? अकरा जणांच्या मनात तसे काही नव्हते, तरीही त्यांनी विचारले. आपल्या आत काय आहे याची त्यांना खात्री नव्हती. ज्याच्या मनात होते त्या यहूदानेही सर्वांत शेवटी तोच प्रश्न विचारला, पण प्रभू न म्हणता गुरुजी म्हणून. मग भाकर मोडली गेली, पेला फिरला. त्यानंतर ते स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघून गेले.